वाघबिळाच्या पुढं

मगदूम म्हणाले, बॅटरी ऐंशी टक्के धरते, बिनघोर न्या.
आठ वर्षांची गाडी,
मागच्या काचेवर पोराच्या शाळेचा अर्धा स्टिकर.
उद्यमनगरातला इलाही बॉनेटपाशी नुसता उभा,
हातात पाना नसलेला पहिल्यांदाच पाहिला.
"इंजिन असतं तर खोकल्यावरनं सांगितलं असतं, भावा.
हिला घाटच दाखव."

शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली.
ब्याण्णव. आकडा शहाण्या मुलासारखा बसून.
वाघबीळ सोडलं आणि
एक्क्याऐंशी, बहात्तर, चौसष्ट.
मगदूमांनी एसी बंद केला, काच खाली घेतली,
यंदाच्या उसाविषयी बोलू लागले.

पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाल्ली.
एकोणसाठवर कुणीच काही बोललं नाही.
उतारावर तीन टक्के परत आले,
ते मगदूमांनी बोटानं दाखवले,
दुकानदारानं सुट्टे परत करावेत तसे.

नागाळा पार्कात, त्यांच्या दारात,
इलाहीनं मागची चटई उचलली,
सीटच्या रुळातून बोट फिरवलं.
गाळ.
बारीक, मऊ, वाळून पिवळा पडलेला. पंचगंगेचा.

"पाणी उंबऱ्यापर्यंतच आलं हो," मगदूम म्हणाले,
आणि हात घोट्याशी नेला.

आमच्या कुंभार गल्लीत गुडघाभर होतं.
सर्व्हेयर आला तेव्हा
मी हात छातीवर ठेवला होता.

इलाही बोट पुसत नाही. माझ्याकडं बघतो.
मी घसा साफ करून विचारतो,
चार्जरची केबल
कंपनीचीच आहे ना?