रोझमेरीच्या सुया

विस बेटावर वारा पिसाटला की पेरिना
खिडक्यांना अडसर लावते
आणि चुलीवर उलट्या टांगलेल्या
रोझमेरीच्या जुड्या खाली काढते.

तळहातांत चोळल्या की
सुया झडतात, करड्या, कडक.
मूठभर बटाट्यांवर, मेंढीच्या मटणावर.
चिमूटभर उकळत्या पाण्यात,
छातीतल्या खोकल्यासाठी.

उरलेलं पाणी गाळून, कोमट करून
ती येल्काच्या डोक्यावर ओतते.
औषधांनी गेलेले केस
आता कुठे पेरभर आलेत.

"यानं वाढतात?"
"कोण जाणे," पेरिना म्हणते,
"पण तुझ्या बापाला
दातात अडकलेली एक सुई
तासभर शिव्या द्यायला पुरायची."

येल्का हसते. पाणी मानेवरून
पाठीत उतरतं.

रात्री उशीला
रविवारच्या मटणाचा वास.