कडूवरून निवड

न्हाणीच्या पाण्याची वाट आणि कुराण्यांची भिंत
ह्यांच्यामध्ये अकरा फूट बाय सहा.
दिवाळी सरली तसे हे म्हणाले, इथं दवणा लावू.
कोणता, मी विचारलं.
दवणा म्हणजे दवणा. जोतिबाला वाहतो तो.

बाबालालच्या नर्सरीत मात्र
दवण्याचं गोतच बसलेलं.
एक देवाचा, बारीक पानांचा, राखाडी,
चैत्रात घमघमून मरून जाणारा.
एक ढोरदवणा, राकट हिरवा, पानाचं पोट पांढरं:
"ह्यो लावला की नातवंडं उपटत बसतील, वहिनी."
आणि वेगळ्या कुंडीत, सावलीला, एक रुपेरी,
परमुलखातला,
घडी न मोडलेल्या पातळासारखा.
त्याच्या किमतीत आमची आठवड्याची भाजी आली असती.

"हुंगून बघा की हिंदुराव,"
म्हणत बाबालालनं पान चुरगळलं,
ह्यांच्या नाकाखाली धरलं.
हे हसले. झकास आहे, म्हणाले.
मी फळीवरच्या कुंड्या मोजायला लागले.

उद्यमनगरात एकतीस वर्षं मोल्डिंग.
वाळू, कोळशाची पूड, वितळलेल्या बिडाचा धूर.
नाक कधी गेलं कळलंच नाही.
कळलं एका संध्याकाळी,
दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं
आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते.
त्याआधी कितीतरी चैत्र
डोंगरावरून टोपीत खोवून आणलेला दवणा
मी उशाशी ठेवायची,
आणि हे रात्री विचारायचे, येतोय का गं अजून वास?
मला वाटायचं, लाडानं विचारतात.

मग त्यांनी पान तोंडातच टाकलं.
बाबालाल "अवो, अवो" म्हणेस्तोवर
तिन्ही झाडांची, एकेक, दाढेखाली, डोळे मिटून,
जसं थंड झालेल्या कास्टिंगवर हातोडी मारून
नाद ऐकायचे, तसं.
देवाचा कडू, पण पाहुण्यासारखा, चहा न घेताच उठतो.
ढोरदवणा नुसताच पाला.
रुपेरी पानाला त्यांचा चेहरा आक्रसला,
कानशिलं हलली, डोळ्यांत पाणी आलं.
चूळ भरली. आणि दुसरं पान तोडलं.
"ह्यो घेऊ," म्हणाले. "ह्याचं कायतरी कळतंय मला."

बाबालाल म्हणाला, आषाढ काढायचा नाही,
आपल्याकडं पाऊस कसला असतोय,
मुळं कुजतील.
वाटेत हे म्हणाले, कारखान्यातली दोन पोती वाळू
मिसळू मातीत, पाणी थांबणार नाही.
मी म्हटलं, ती वाळू नको.
नदीची आणू.
पुढं बोलणं झालं नाही, टेंबलाईच्या चढाला रिक्षा
आधीच कण्हत होती.

रुपेरी आषाढात गेला.
हे रोज सकाळी त्याचं एक पान खायचे,
शेवटचं काळपट पानसुद्धा.
बाबालालनं फुकट दिलेला ढोरदवणा
भिंतीखालून कुराण्यांकडं निघून गेला;
त्यांच्या सुनेनं दोनदा उपटला, आता बोलत नाही.
आणि मी गुपचूप न्हाणीकडं फेकलेलं देवाच्या दवण्याचं बी,
ते मात्र त्याच चैत्रात उगवून, वास देऊन,
वाळूनही गेलं होतं.
तो वास मी एकटीनं घेतला.
सांगितलं नाही. काय सांगायचं, कसा आहे म्हणून?

बी धरलं. धुळीसारखं बारीक.
ठेवायला दुसरं काही सापडेना,
म्हणून ह्यांच्या जुन्या तपकिरीच्या डबीत भरलं.

काल दुपारी हे ती उघडून बसले,
चिमूट घेतली, नेहमीसारखी डोळे मिटून ओढली,
आणि सात वेळा शिंकले.
मी धावत आले, अहो, बी होतं ते,
पुढच्या कार्तिकाचं!
नाक पुसत म्हणाले,
"तपकीर जुनी झालीय वाटतं.
काडीचा वास नाही."
आणि डबी मिटण्याआधी
पुन्हा एकदा नाकाशी नेली.