डोरीनला पुस्तकं परत करताना

डोरीन, थांब, जमा करून घेऊ नकोस इतक्यात.
आधी ऐक.
हॅलिफॅक्सची बस तशीही गेलीय माझी,
तुझ्याच दारासमोरून, पाणी उडवत.

हे पहिलं. तराजू दुरुस्त करणाऱ्या माणसाचं.
तीनशे पानं तो काट्याकडे बघतो, बायकोकडे नाही,
आणि एका दुपारी, भर बाजारात,
तिच्या हातातली पिशवी घेऊन
उगीचच पारड्यात ठेवतो.
बस्स. एवढंच घडतं.
मी शेगडीपाशी उभ्यानं वाचत होते,
मसुराची आमटी खाली लागली.
मुकुंदानं ती मुकाट खाल्ली,
त्याला वाटलं, डोळे कांद्यानं लाल झालेत.

दुसरं हे, उशीएवढं जाड.
खुनी मी चाळिसाव्या पानावर ओळखला,
लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावता लावता
सगळ्यांना सांगून बसले,
गॅरेथशी पाच पौंडांची पैजसुद्धा लावली,
आणि साडेचारशेव्या पानावर
सपशेल तोंडघशी!
हरण्यात इतकी मजा असते
हे शाळेत कुणी का नाही सांगितलं?

तिसऱ्यात दोन बहिणी, एक कुत्रा,
आणि अकरा वर्षांचा अबोला.
कुत्रा सोमवारी हिच्याकडे, गुरुवारी तिच्याकडे,
गळपट्ट्यात कधी बिल, कधी औषधाची वेळ.
यातली वाक्यं, डोरीन,
धुऊन वाळत घातल्यासारखी. स्वच्छ, थोडी ताठ.
शेवट मात्र फसलाय.
दारात पाहुणे यावेत आणि पसारा पलंगाखाली ढकलावा
तशी घाईघाईनं सगळ्यांना माफी.
मी असते तर धाकटीला अजून दोन वर्षं
बोलू दिलं नसतं.
तरी वाच. माझ्यासाठी वाच.

खरं सांगू?
यातलं मी तुला काहीच बोलले नाही.
टेबलावर तिन्ही पुस्तकं ठेवली आणि म्हटलं,
‘लव्हली. रिअली लव्हली.’
एकोणतीस वर्षं झाली या गावात,
इंग्रजीत मी रक्ताचे रिपोर्ट लिहिते,
गॅस कंपनीशी भांडते, भांडून जिंकते,
पण आवडलेल्या पुस्तकापाशी आले की
तोंडात हा एकच गुळाचा खडा.
वाचते इंग्रजीत, शिव्या मराठीत:
‘मेल्या, उघड ना दार, बाहेर ती भिजतेय!’

तू गुरुवारची स्वयंसेवक.
पगार नाही, रबर मात्र हातात पक्कं,
पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा
पान पान उलटून खोडत बसतेस.
आज तराजूवाल्याचं पुस्तक चाळता चाळता थांबलीस,
दोनशे बारावं पान.
चष्मा कपाळावरून नाकावर आला.
‘हे तुझं?’

माझंच.
समासात, वाकडंतिकडं, रात्री दीडचं अक्षर:
‘अगं बाई!’

कान तापले माझे.
‘म्हणजे काय?’ तू विचारलंस.
म्हणजे... बाईला हाक नाही ती.
म्हणजे बाई कुठेच नसते त्यात.
म्हणजे पिशवी पारड्यात पडते ना, तेव्हा
छातीत जे काही खाली जातं
आणि दुसरं पारडं वर येतं...
माझे हातच वरखाली व्हायला लागले,
मागे वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे मिस्टर हॅगर्टी
मान वळवून बघत राहिले.

तू रबर खाली ठेवलंस.
त्या दोन शब्दांवरून बोट फिरवलंस,
शिरोरेषेवरून, डावीकडून उजवीकडे,
आणि पुस्तक कपाटाच्या गाडीत न टाकता
स्वतःच्या पिशवीत सरकवलंस,
विणकामाच्या सुयांशेजारी.

मग म्हणालीस,
जाड्याला मात्र चार दिवस उशीर झालाय,
चाळीस पेन्स.
मी सुटे मोजून दिले.
पुढच्या बसला अजून वीस मिनिटं होती.