हर्रास

अजून एकोणीस तास होते.
बोली चार हजार दोनशेवर,
सगळ्यात वर कुणी कौमुदी, गाव लिहिलेलं नाही.

तेवढ्यात जिंतूरहून फोन : रोख सहा देतो, आत्ता निघतो.
मी यादीतलं कारण निवडलं –
'वस्तू खराब झाली.'
हर्रास बंद.

पितळी पायली, मापटं, चिपटं
टेबलावर धडधाकट.

आबा सेलूच्या मोंढ्यात आडते.
रुमालाखाली बोटं धरली की
मग भाव चढो नाहीतर आभाळ कोसळो,
सौदा तो सौदा.

रात्री कौमुदीचा निरोप :
'पडली का हो? फार चेपली का?
चेपलेलीही चालतील.'

जिंतूरवाला अजून आलेला नाही.
मी चिपट्यात हात घालून
चाचपत बसलोय,
एखादा तरी पोचा.