शंभरातले सहा

हर्णैला बर्फाच्या कारखान्यावर आमचं ऑफिस.
खाली लादी फुटली की वर कीबोर्ड थरथरतो.
नवा माणूस दचकतो,
जुने नुसते चहाचा कप धरतात.

श्रावणात जो नवा आला तो दचकणारातला नव्हता.
पुण्याहून परवाना आला, पासवर्ड आला,
आणि पाऊण तासाची मीटिंग :
"घाबरू नका, हा तुमचा सहकारी आहे."
मुजम्मिल म्हणाला, "बरं आहे, याला डबा लागत नाही."
तेवढंच हसलो.

आठवड्यात मुजम्मिलची बोटं बदलली.
पूर्वी लिहायचा, खोडायचा, दात-ओठ खायचा,
आता टॅब. टॅब. टॅब.
जाळं ओढल्यावर बायका निवडायला बसतात
तशी मी त्याच्या मागे बसू लागले.
हे ठेव. हे टाक. याला काटे आहेत, हाताला लागतील.

खरं सांगते,
मी त्या यंत्राच्या चुकीची वाट बघत होते.

गुरुवारी त्यानं लिलावाच्या प्रोग्रामवर बोट ठेवलं.
ओळ दोनशे अकरा :
वजन गुणिले शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव.
'या आकड्याचं कारण सापडत नाही. काढू का?'
इतकं अदबीनं विचारलेलं
की मला रागच आला.

ओळ माझी होती.
नऊ वर्षांपूर्वी एका रात्रीत लिहिलेली,
सकाळी सोसायटीत नारळ फुटायचा होता म्हणून.
शेजारी ना टीप, ना तारीख.

मुजम्मिलला म्हटलं, "हात लावू नको. पाणी आहे ते.
ओल्या टोपलीतलं पाणी वजा होतं.
याला काय कळणार, यानं कधी बांगडा उचललाय?"
हे वाक्य मला फार आवडलं.
जेवेपर्यंत आवडत राहिलं.

मग तेच कारण टिपेत लिहायला बसले
आणि लिहिता येईना.
पाणी, ठीक. पण सहाच का?
कोळंबीला सहा आणि सुरमईलाही सहा?
रिकाम्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता,
सुवर्णदुर्गापलीकडच्या होडीच्या दिव्यासारखा,
येतोय की जातोय ते कळू न देता.

चार वाजता चपला घातल्या.
वाळूवर बोली चढत होती.
सोसायटीचे जुने कारकून धाकू पावसे
हल्ली नुसतेच होड्या मोजत बसतात.
"चौऱ्याण्णव?" ते म्हणाले,
"अगो, तो जुना काटा! शंभराला सहा जास्त दाखवायचा.
तूच म्हणालीस ना, काटा राहू दे, मी आतून वजा करते?"

"मग तो काटा?"

"भंगारात गेला. वादळाच्या आदल्या साली."

समोर गोदी चोगले आपल्या होडीची पापलेटं लावत होती,
मोठी वर, लहान खाली.
मला बघून म्हणाली, "काय गो, मशीन बिघडलं काय?"
नाही, म्हटलं.
बिघडलं नव्हतंच.
सांगितलं होतं तेच रोज करत होतं, एकही सुट्टी न घेता.

ऑफिसात आले.
ओळ मी स्वतः खोडली, टॅब न दाबता.
हिशेब मात्र त्यालाच सांगितला :
कोणाचे, कुठल्या दिवशी, किती किलो.
मुजम्मिलचा चहा निवायच्या आत यादी आली.
तीनशे बारा नावं.
गोदी सतराव्या ओळीत.

शुक्रवारी पुण्याचा फॉर्म :
'नव्या साधनामुळे किती तास वाचले?'
जेट्टीवर जाण्या-येण्याचे धरून लिहिलं, उणे दोन.
फॉर्म उणे घेईना.
शून्य लिहिलं.

सोमवारी यादी घेऊन सोसायटीत जायचंय.
मुजम्मिल म्हणाला, "माफीचं पत्र याच्याकडूनच घेऊया,
भाषा छान असते त्याची."
नको, म्हटलं, पत्र मी लिहिते.
कागद घेतला. 'मा. अध्यक्ष' इथपर्यंत आले.

खाली लादी फुटली.
मुजम्मिलनं कप धरला.
मी दचकले.