चाकोरी

अर्ज क्रमांक एकेचाळीस. ड्राय बकेट, वस्ती नऊशे.
मागणी : एक लाख अठरा हजार डॉलर,
मातीत पळवायच्या मोटारसायकली आणि वाळूतल्या बग्ग्या
यांच्या मनोरंजनासाठी.
मी सॅक्रामेंटोत तिसऱ्या मजल्यावर बसून गुण देते.
धुळीला दहा, आवाजाला दहा,
कासवांना पंधरा.

पैसा येतो पेट्रोलच्या करातून,
म्हणजे थोडा माझ्याही टाकीतून,
मी, जिने अठरा वर्षांत एकदाही डांबर सोडलं नाही.

पाहणीला गेले तेव्हा एप्रिल होता.
गावात एक पंप, एक चर्च, आणि एक दुकान, जिथे
बर्फ आणि स्पार्क प्लग एकाच काउंटरवर मिळतात.
क्लबची अध्यक्ष डार्लीन हकबी
हिने मला नातवाचं हेल्मेट दिलं, डायनासोरचं.
म्हणाली, घट्ट धर.
बग्गी उतारावरून सुटली आणि
मी ओरडले.
भीतीने नव्हे. हे अहवालात नाही.

टेकडीमागे वॉलेस ट्रुइट, वय चौऱ्याहत्तर,
हातात पहार, शेजारी वाळक्या झुडपांचा ढीग.
अर्जात त्याचे तास आहेत : तीनशे बारा.
राज्य घामालाही तासाचा भाव लावतं
आणि तो गावाचा वाटा म्हणून जमेला धरतं.
'त्यातले चाळीस रुथचे,' तो म्हणाला,
'ती ट्रकमध्ये बसून पाणी द्यायची.
चालतात ना?'
चालतात, म्हटलं. मला खात्री नव्हती.

तो खड्डे खणत होता, आणि मेलेली झुडपं
जिवंत असल्यासारखी उभी पुरत होता,
चाकांच्या दोन रेघांवर, जरा वाकडीतिकडी,
म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं
इथून कधी कुणी गेलंच नाही.
ही काही मूळ धरणार नाहीत, मी म्हटलं.
'धरायचं नाहीच. नुसतं फसवायचं.
मग वारा बी आणून टाकतो आडोशाला.
पन्नासेक वर्षांत होईल काहीतरी.'

कुणी पाडली ही वाट?
त्याने हातमोजा काढला. पुन्हा घातला.
'अठ्ठ्याहत्तर साली. रुथला वरून
मावळता सूर्य दाखवायचा होता.
पुढच्या रविवारी सहाजण आले माझ्या मागोमाग.
मग काय.'

आमच्या भाषेत चाकाच्या रेघेला चाकोरी म्हणतात,
आणि माझ्या नोकरीलाही.
आई फोनवर सांगायची, चाकोरीबाहेर जाऊ नकोस गं.
तिला कसं सांगू, इथे त्याचंच अनुदान मिळतं,
तीन प्रतींत अर्ज, मार्चअखेर मुदत,
आणि बाहेर पडलेल्या पहिल्या चाकाखालीच
नवी चाकोरी उमटत असते,
हे कुठल्याच प्रतीत लिहिलेलं नसतं.

परत आले. बुटांतून पिवळी धूळ सांडली
गालिच्यावर, झाडूवाल्या मार्गारीटाची माफी मागितली.
प्रश्न बारावा : नुकसानीस जबाबदार कोण?
सगळे अर्ज लिहितात, अज्ञात चालक.
एकेचाळिसाव्यात निळ्या शाईत,
कागदात रुतेल इतकं दाबून :
मी. वॉ. ट्रु.

बेरीज झाली एक्क्याऐंशी.
यंदाची रेघ त्र्याऐंशीवर.
दुपारभर मी पेन्सिलीला टोक काढत राहिले.
पलीकडच्या टेबलावर कुणीतरी लग्नाचा केक कापत होतं.
मग कासवांच्या रकान्यात अकराचे तेरा केले.

कासव मला एकही दिसलं नव्हतं.
एक बीळ दिसलं होतं, खडकाखाली,
तोंडाशी ओलसर, ताजी उकरलेली माती.