छाट

आईचा उजवा अंगठा
तर्जनीवर फिरतो, थांबत नाही.
डॉक्टर पट्टणशेट्टी म्हणाले, पुस्तकात याला
गोळी वळणं म्हणतात.
मी म्हटलं, नाही हो, ही बिडी आहे.
छत्तीस वर्षं, निपाणीत,
मांडीवर सूप, दिवसाला हजार.

आता सूप नाही, पान नाही, दोरा नाही.
हजार काही भरत नाहीत.

बेळगावच्या त्या खोलीत त्यांनी पेनानं
मेंदूच्या मधोमध एक काळी रेघ ओढली.
इथल्या पेशी काळ्या असतात, म्हणाले,
तो रंग उतरत चाललाय.
मग आईकडे वळून, कानडीत,
‘मिदुळाग उरी ऐत्री.’
बाजारापुरती कानडी येणाऱ्या आईनं
हात छातीवर ठेवला.
‘व्हय, उरीच हाय.’
मी दुरुस्त केलं नाही.

मी लॅबमध्ये रक्त तपासते. मला नावं ठाऊक आहेत:
इंटरल्यूकिन, टीएनएफ,
एवढेएवढेसे रेणू, सांगावा नेणारे,
इथं बिघडलंय, या.
तसे वाईट नाहीत. जखम भरली की गप्प होतात.
पण वखारीत तंबाखू झाडली की
एकीला ठसका लागायचा, मग शेजारणीला,
मग अख्ख्या ओळीला,
आणि पहिली कधीच पाणी पिऊन बसली तरी
शेवटची अजून खोकत असायची.
तसं.

राखणीच्या पेशी तो खोकला ऐकत राहतात.

हे तिला कसं सांगायचं?
संकेश्वर गेल्यावर, बसमध्ये, म्हटलं,
आई, तुझा तो चेकर आठवतो?
‘बसाप्पा? न आठवाय काय झालं.
मालकाची चिठ्ठी आली की बिथरायचा.
भरीव बिडी, तोंड नीट बांधलेलं,
तरी छाट. मूठ मूठ छाट.’
तेच, मी म्हटलं. तुझ्या डोक्यात तेच चाललंय.
ती जरा वेळ गप्प.
‘मग सांग की त्याला, चांगली हाय म्हनावं.’

बस तवंदीचा घाट उतरत होती.
‘बसाप्पा निदान छाटलेल्या घरी न्यायचा,
इकायचा.
ह्यो काय करतो त्यांचं?’

याचं उत्तर कुठल्याच रिपोर्टात नसतं.
गोळीची वेळ झाली होती, बाटली उघडली.
तिच्या हाताला आधार म्हणून
माझं एक बोट दिलं.
तिनं ते वळलं,
टोक नखानं दुमडलं,
आणि दोऱ्यासाठी
डावा हात पुढे केला.